विश्वास थंडावला तर माणसांत जावं की खोलीचं दार लावून घ्यावं?

सीनाकाठ
सलाम. नगरच्या एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझा बाप्तिस्मा झाला, दृढीकरणही (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली) तिथंच. आजोबा पंच होते. तरीही वडील गेल्यानंतरची चार वर्षं बायबल उशाशी असायचं, पण उघडलं जायचं नाही. रविवारी उपासनेला जायचो, फळ्यावरचा गीताचा आकडा बघून पुस्तक काढायचो, ओठ हलायचे. आत काही हलत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशींनी मंगळवारच्या घरप्रार्थनेला ओढून नेलं. दोन खोल्यांचं घर, दाराशी ओल्या चपलांचा ढीग, सतरंजीवर आम्ही नऊजण. पेटीची एक पट्टी दाबली की वर येत नव्हती, वाजवणारा दर वेळी ती बोटानं उचलायचा. एकेकानं प्रार्थना करायची होती. माझी पाळी आली आणि मला एक शब्द सुचेना. मी म्हणालो, "मला प्रार्थना येत नाही आता." मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, "राहू दे बाबा. तुझ्या वाट्याची आम्ही करतो." आणि त्यांनी केली, वडिलांचं नाव घेऊन.

घरी आलो तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा रडलो. तेव्हापासून एकही मंगळवार चुकवलेला नाही.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या 10 व्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका असं सांगितलंय. लहानपणी मला ती हजेरीची सक्ती वाटायची. आता कळतं, ते पत्र दमलेल्या, हात खाली पडलेल्या माणसांना लिहिलंय. विश्वास एकट्याच्या जोरावर परत येत नाही, असं माझं ठाम मत झालंय. वेगळं मत असेल त्यांनी जरूर मांडा.

दार_लावून
दादा, तुमचा अनुभव खरा आहे, त्याला मी हात लावत नाही. पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही.

माझा घटस्फोट चालू होता तेव्हा मीही अशाच एका घरी जायचे. विश्वासानं एक गोष्ट सांगितली, प्रार्थनेसाठी. पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट दुसऱ्या गटात मोठ्यानं "प्रार्थनाविषय" म्हणून मांडली गेली, माझ्या नावासकट. महिनाभरात सासरपर्यंत पोचली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला आजही वाटतं. म्हणूनच जास्त लागलं.

त्यानंतर दोन वर्षं मी कुठंच गेले नाही. पहाटे उठायचे, एक स्तोत्र वाचायचे, गप्प बसायचे. माझा विश्वास तिथं उभा राहिला. येशूनं प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलंय, ते उगाच नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा. 1883 साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला सिस्टरांच्या (जोगिणींच्या) सहवासात राहत असताना बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनीच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. संगती होती, उपासना होती, जे हवं ते मात्र आलं नव्हतं.

सीनाकाठ
ताई, जे झालं ते फार वाईट झालं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण रमाबाईंची गोष्ट तिथं थांबत नाही. 1905 च्या जानेवारीत केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी संजीवनासाठी, म्हणजे विश्वास नव्यानं जागा व्हावा म्हणून, प्रार्थना करायला कोण येतं विचारलं. सुमारे 70 जणी तयार झाल्या आणि रोज जमू लागल्या. जूनपर्यंत आकडा साडेपाचशेच्या घरात गेला आणि मग तिथं जे घडलं ते सगळ्या ख्रिस्ती जगाला कळलं. स्वतःला ख्रिस्त भेटल्यावरही त्या बाईंना एकट्यानं बसून राहवलं नाही.

दार_लावून
म्हणजे आधी एकांत, मग संगती. क्रम माझाच झाला ना? ज्या बाईला आत काही गवसलंय तीच इतरांना बोलावू शकते. रिकाम्या माणसांनी एकत्र बसून काय होणार?

दरबारी
या वादात कवी रेव्हरंड ना. वा. टिळक दोन्ही बाजूंनी साक्ष देतील. 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबानं त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो स्वतःच वाचला, आणि येशूच्या डोंगरावरच्या उपदेशापाशी, गिरिप्रवचनापाशी, ते अडकले. दीड-दोन वर्षांनी, 1895 मध्ये, मुंबईत बाप्तिस्मा. तोवरची झुंज एकट्याची होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर 1900 मध्ये ख्रिस्ती धर्मात आल्या, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला.

पण हेच टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा करतात आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या, न झालेल्या, दोघांनाही जागा देतात. मंडळीची चौकट त्यांना पुरली नाही, म्हणून त्यांनी संगती सोडली नाही, मोठी केली. घटस्फोट, कर्ज, दारू यांतून आलेल्या माणसाला जी बैठक सामावून घेत नाही, तिला संगती म्हणायची का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या किती मंडळ्यांत अजून अमक्या गावचे, तमक्या घराण्याचे बाक वेगळे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वसईची_लेक
मी कॅथलिक, त्यामुळे जरा वेगळं सांगते. आमच्याकडे पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) फादरांना सांगितलेलं बाहेर जात नाही. ते बंधन जिवापलीकडचं आहे. घरप्रार्थनेत असं काही बंधनच नसतं. ताईंच्या बाबतीत तेच घडलं. मन मोकळं करायची जागा आणि एकत्र प्रार्थनेची जागा एकच असावी का, असा माझा प्रश्न आहे.

संगती मात्र हवीच. संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली की मी थकलेली असले तरी माझ्या वाट्याचं अर्धं वाक्य तोंडातून येतं, कारण आधीचं अर्धं आई म्हणते. स्वतःचे शब्द संपलेल्या माणसाला ते फार आधाराचं असतं.

रात्रपाळी
मस्कतला नर्स आहे. इथं रुवीच्या चर्चच्या आवारात शुक्रवारी उपासना असते आणि माझी ड्युटी नेमकी शुक्रवारी लागते. सलग तीन-तीन महिने जाता येत नाही. दादांचा नियम खरा मानला तर माझ्यासारखीनं काय करायचं? वॉर्डात पहाटे चार वाजता शांतता असते, तेव्हा मी आईनं पाठ करून घेतलेलं गीत मनात म्हणते. विश्वास मेलेला नाही माझा. पण जाता येतं त्या शुक्रवारी मराठी गीत मोठ्या आवाजात गायलं की छाती भरून येते, हेही खरं.

सीनाकाठ
सिस्टर, तुमच्यापुढं माझा "ठाम" शब्द मागे घेतो. आणि ते गीत आईनं पाठ करून घेतलंय, ते वाचून डोळे भरले.

दार_लावून ताई, तुम्ही विचारलंत, रिकाम्या माणसांनी जमून काय होणार. मला गेथशेमाने आठवतं, अटकेच्या रात्रीची ती बाग. येशूनं तिघा शिष्यांना जागं राहायला सांगितलं आणि ते झोपले. संगतीनं त्याला दगाच दिला. तरी तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा परत गेला.

दार_लावून
आणि प्रार्थना त्याला शेवटी एकट्यालाच करावी लागली.

हे जिंकायला म्हणत नाही. मी आता रविवारी जाते, मागच्या बाकावर बसते, प्रभुभोजन घेते, घरी येते. घरप्रार्थनेच्या पायऱ्या चढायला पाय होत नाहीत अजून. एक विचारते. तुमच्या मंगळवारी प्रार्थनाविषय नावानिशी सांगतात का?

सीनाकाठ
सांगतात. वहीत लिहूनही ठेवतात, आणि ती वही पेटीवर उघडी असते. आजवर ध्यानातच आलं नाही माझ्या. या मंगळवारी मावशींशी बोलतो.