मदत हवी आहे: नव्या ईपीएबीएक्सचा पासवर्ड नाही, वॉरंटीही अडकली

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या दवाखान्यात दोन महिन्यांपूर्वी १६ एक्स्टेन्शनचा आयपी ईपीएबीएक्स (म्हणजे नेटवर्कवर चालणारं, आतल्या फोनना जोडणारं टेलिफोन एक्स्चेंज) बसवला. परवापासून रिसेप्शनवरून कॉल आत ट्रान्सफर केला की पलीकडचा आवाजच येत नाही. काल एका आजींना तीनदा फोन करावा लागला, फार वाईट वाटलं.

डीलर म्हणतो कंपनीला विचारा. कंपनी म्हणते बिलावर सिरियल नंबर नाही, वॉरंटी कशी धरणार? खोक्यावरचा नंबर मशीनशी जुळतो, तरी! ॲडमिन पासवर्ड, कॉन्फिगरेशनचा बॅकअप काहीच दिलेलं नाही. फॅक्टरी रीसेट केलं तर सगळी सेटिंग्ज उडतील, म्हणून हात लावलेला नाही.

डीलरकडून दुरुस्त बिल आणि पासवर्ड कसा मिळवावा? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यावसायिक खरेदी वगळतो, पण स्वयंरोजगारासाठीची धरतो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आमची तक्रार घेतील का? कुणाला अनुभव असल्यास कृपया सांगा.