देवगांडूळ पृष्ठवंशीय कसे? पृष्ठरज्जू आणि पाठीचा कणा यांविषयी एक शंका

तरवाकाठ (पाटण, जि. सातारा):

नमस्कार. गेल्या रविवारी भाताच्या तरव्यालगतचा बांध नीट करताना शेणखताच्या ओल्या ढिगाखालून वीतभर लांबीचा, जांभळट करड्या रंगाचा आणि अंगभर वळी असलेला एक प्राणी निघाला. कामावरच्या एका बाईंनी ते मोठे गांडूळ आहे असे सांगितले, तर दुसऱ्यांनी वाळा हा साप समजून फावडे उचलले. मी त्यांना थांबवून तो प्राणी ओल्या मातीसह टोपलीत ठेवला. माझ्या मुलीच्या विज्ञान शिक्षकांनी छायाचित्र पाहून हे देवगांडूळ असल्याचे आणि बेडकाप्रमाणेच ते उभयचर वर्गात मोडत असल्याचे कळवले.

मुलगी दहावीत असून तिला ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ हा धडा आहे. तिने विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. ज्याला पाय नाहीत आणि ज्याचा कणा बोटाला जाणवतही नाही, तो प्राणी पृष्ठवंशीय कशावरून ठरतो? आणि संघाचे नाव ‘समपृष्ठरज्जू’, तर उपसंघाचे नाव ‘पृष्ठवंशीय’ असे का. पृष्ठरज्जू म्हणजेच पाठीचा कणा नव्हे काय? तसे असेल तर समुद्रतळाला चिकटून बसणारा हर्डमानिया या संघात कसा आला, हेही तिला समजत नाही.

जावळीखोरे:

ताई, आपण त्या प्राण्याचा जीव वाचवलात याचे मनापासून समाधान वाटले, कारण आमच्या भागात पावसाळ्यात दिसणारी देवगांडुळे बहुधा सापाच्या भीतीपोटीच मारली जातात. वस्तुतः ती माणसाला कोणताही उपद्रव करत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर टोपलीतच आहे. गांडुळाला जबडा नसतो. देवगांडुळाला वरखाली उघडणारा जबडा, बारीक दात आणि माती भेदण्याइतकी घट्ट कवटी असते. गांडुळाच्या अंगावरून बोट उलट दिशेने फिरवल्यास त्याचे सूक्ष्म राठ केस खरखरीत लागतात, तर देवगांडूळ हातातून बुळबुळीत निसटते. वाळ्याची गोष्ट निराळी. तो साप असल्यामुळे त्याचे अंग कोरडे व चकचकीत असून खवले एकमेकांवर बसलेले असतात. देवगांडुळाच्या वळी म्हणजे केवळ त्वचेच्या घड्या होत. त्या घड्यांच्या आत मणक्यांची सलग माळ असते आणि काही जातींत मणक्यांची संख्या शंभराहून अधिक भरते. स्नायूंच्या जाड थरामुळे ती बोटाला लागत नाही, एवढेच.

पाय नसणे हा वर्गीकरणात अडथळा ठरत नाही. सापालाही पाय नाहीत, परंतु त्याला कोणी अपृष्ठवंशीय म्हणत नाही. सह्याद्रीतील काही देवगांडुळांची पिल्ले सुरुवातीचा काळ पाण्यात काढतात, तर काहींची पिल्ले अंड्यातून थेट मोठ्यांसारखीच बाहेर पडतात. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. ते दृश्य मी एकदाच, दगडाखाली पाहिले आहे आणि तो दगड अलगद पुन्हा तसाच ठेवला.

कृष्णाघाट (सांगली, निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक):

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका तेथेच होतो. पृष्ठरज्जू म्हणजे हाड नव्हे. द्रवाने फुगलेल्या पेशी आणि त्यांभोवती चिवट आवरण अशी ती लवचीक दांडी असून पाण्याने भरलेल्या नळीसारखी ताठ राहते. चेतारज्जू, म्हणजे संदेश वाहणारी चेतातंतूंची दोरी, तिच्या वरच्या बाजूस असते, एकच असते आणि आतून पोकळ असते. गांडुळाची चेतारज्जू याउलट पोटाकडून जाते आणि भरीव असते. घशाच्या भिंतीतील कल्लविदरे (फटी) आणि गुदद्वाराच्या मागे जाणारी शेपटी ही समपृष्ठरज्जू संघाची आणखी दोन लक्षणे. ही सर्व लक्षणे आयुष्याच्या एखाद्या अवस्थेत दिसली तरी पुरते, आणि संपूर्ण धड्याची किल्ली याच अटीत आहे.

पृष्ठवंशीयांच्या भ्रूणात आधी पृष्ठरज्जू तयार होते आणि नंतर तिच्याभोवती मणके घडून बहुतेकांत तिची जागा घेतात. आपल्यात तिचा अवशेष म्हणजे दोन मणक्यांमधील गादीचा मऊ गाभा. ‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हाच गाभा बाहेर ढकलला गेलेला असतो.

हर्डमानियाचे कोडेही याच अटीने सुटते. या गटातील प्राण्यांची डिंभके (अंड्यातून निघालेली पिल्ले) बेडूकमाशासारखी पोहतात आणि त्यांच्या शेपटीत पृष्ठरज्जू असते, म्हणून उपसंघ ‘पुच्छसमपृष्ठरज्जू’. थोड्याच काळात डिंभक डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटते, शेपटी शरीरात शोषली जाते आणि उरते ती पाणी गाळून खाणारी एक पिशवी. प्रौढ रूपावरून या प्राण्यांना पूर्वी मृदुकाय (गोगलगाय-शिंपल्यांच्या संघातील) मानले जात असे. 1866 मध्ये कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने डिंभकाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांचे खरे नाते उघड झाले.

वाळूत अर्धवट रुतून राहणाऱ्या अ‍ॅम्फिऑक्सस या छोट्या समुद्री प्राण्यामध्ये मात्र पृष्ठरज्जू आयुष्यभर टिकते आणि थेट डोक्याच्या टोकापर्यंत जाते, म्हणून तो ‘शीर्षसमपृष्ठरज्जू’. दिसायला माशासारखा असल्यामुळे तोच आपला सर्वांत जवळचा नातलग असावा असे दीर्घकाळ मानले गेले; परंतु 2006 मध्ये जनुकांच्या तुलनेवरून तो मान पिशवीसारख्या त्या प्राण्यांकडे गेला. परीक्षेत अर्थातच पाठ्यपुस्तकातील क्रमच लिहावा.

जावळीखोरे:

सर, बाह्यरूप कसे फसवते याचे एक उदाहरण आपल्या नदीतही आहे. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत कृष्णेत दिसणारी मगर सरीसृप वर्गात असली, तरी तिच्या हृदयाला पक्ष्यांप्रमाणे चार कप्पे असतात.

कृष्णाघाट:

अगदी बरोबर. मगरीचे जवळचे नाते पाली-सरड्यांपेक्षा पक्ष्यांशीच आहे आणि म्हणून ‘सरीसृप’ या जुन्या वर्गाची सीमा आजचे अभ्यासक वेगळ्या प्रकारे आखतात. दहावीच्या विद्यार्थिनीने पृष्ठवंशीयांचे सहा वर्ग पाठ करावेत, परंतु हृदयाची आकृती काढताना मगरीचा अपवाद आवर्जून नोंदवावा.

तरवाकाठ:

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही उत्तरे मुलीने वहीत उतरवून घेतली आणि आम्ही ते देवगांडूळ आज पहाटे पाऊस थांबल्यावर त्याच बांधाखाली सोडले. सोडण्यापूर्वी तिने भिंगातून त्याचे तोंड पाहिले. डोळा त्वचेखाली पुसट दिसत होता आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधोमध एक पांढरट टोक क्षणभर बाहेर येऊन पुन्हा आत जात होते. ते काय आहे?

जावळीखोरे:

ती त्याची स्पर्शिका. जमिनीखालच्या अंधारात वास आणि स्पर्श यांचा माग ते तिच्याद्वारे काढते. तसा अवयव बेडकाला नसतो आणि गांडुळालाही नसतो. तो केवळ देवगांडुळांच्याच गणात आढळतो.