पंपाचा डोस वाढवण्याआधी फेनो चाचणी हवीच का?

वातायन

दम्याचा पेशंट फॅमिली डॉक्टरांकडे जातो, "पंप घेतोय, तरी रात्री खोकला येतोच" म्हणतो आणि डोस वाढवून घेऊन घरी येतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. माझं स्पष्ट मत आहे की डोस वाढवण्याआधी फेनो चाचणी व्हावी, आणि तीही फॅमिली डॉक्टरांच्याच दवाखान्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्वासनलिकांना ॲलर्जीच्या प्रकारची सूज असली की बाहेर सोडलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड वाढतं. फेनो चाचणीत ते पीपीबीमध्ये, म्हणजे अब्ज भागांत किती, असं मोजतात. मोठ्यांमध्ये २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त; मुलांमध्ये हेच आकडे २० आणि ३५. छातीभर श्वास घ्यायचा आणि साधारण १० सेकंद एकाच वेगाने सोडायचा. जोर जास्त झाला तरी चालत नाही, कमी पडला तरी नाही. म्हणून मशीनच्या पडद्यावर एक चित्र हलत असतं, ते हद्दीत ठेवत फुंकायचं. लहान मुलांना ते पटकन जमतं.

स्टेरॉइडचा पंप नीट घेतला की हा आकडा बहुतेकांमध्ये काही दिवसांतच उतरू लागतो. त्यामुळे पंप चालू असूनही ७० आला, तर डोसचा विचार नंतर. आधी औषध रोज घेतलं जातंय का आणि छातीत पोचतंय का, ते बघायला हवं. उलट खोकला आहे पण आकडा १५, तर स्टेरॉइड वाढवून बहुधा फार काही हाती लागणार नाही. ॲसिडिटी, वजन, स्वरयंत्राचा त्रास अशी कारणं तपासावीत.

सडेतोड

ऐकायला पटतं, पण पुरावा इतका सरळ नाही. ब्रिटनमध्ये नुकताच अटॅक येऊन गेलेल्या ५०९ मुलांवर रासेनो नावाचा अभ्यास झाला, निकाल २०२२ मध्ये आले. एका गटाचं औषध फक्त लक्षणं बघून ठरवलं, दुसऱ्याचं लक्षणं आणि फेनो दोन्ही बघून. वर्षभरात दोन्ही गटांत जवळपास निम्म्या मुलांना पुन्हा अटॅक आला. फरक पडला नाही.

शिवाय आकडा फसवतो. सिगारेट ओढणाऱ्याचा तो खाली येतो, म्हणजे सूज असूनही कागदावर सगळं ठीक. सर्दी-ॲलर्जी असेल, नुकतंच व्हायरल झालं असेल किंवा पालक-बीट खाऊन आला असेल, तर वर जातो. दहा मिनिटांत पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांनी हे सगळं विचारायचं कधी?

वातायन

रासेनोतली बहुतेक मुलं हॉस्पिटलच्या देखरेखीखालची होती. मी दवाखान्याबद्दल बोलतोय. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांच्याच ६११ मोठ्या पेशंटवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये आला. पूर्ण नियंत्रण मिळेपर्यंत औषध वाढवत नेलेल्या गटाइतकाच दमा फेनोच्या गटाचाही आटोक्यात राहिला, आणि औषधांवरचा खर्च मात्र कमी झाला. विनाकारण दिलेलं स्टेरॉइड टळणं ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

निशिगंधा

मी दवाखान्यात नर्स आहे, माझं मत सडेतोड यांच्या बाजूने. "पंप घेता का?" विचारलं की सगळेच हो म्हणतात. "घेऊन दाखवा" म्हटलं की खरं कळतं. कुणी हलवतच नाही, कुणी दाबून झाल्यावर मग श्वास ओढतं, कुणी तोंडात फवारून लगेच बाहेर सोडतं. हे बघायला मशीन लागत नाही.

आणि एक गोष्ट मनाला लागते. आकडा जास्त दिसला की आई मुलाकडे बघते, "घेत नाहीस ना तू?" त्या मुलाला नाकाची ॲलर्जी असते, पंप तो रोज घेत असतो. आकड्यामुळे मूल खोटं ठरतं.

चौकस

निदान आणि देखरेख यांची गल्लत होतेय. निदानासाठी फेनोची जागा पक्की होत चालली आहे. ब्रिटनच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या माणसाची लक्षणं दम्याची असतील आणि फेनो ५० किंवा जास्त असेल, तर निदान पक्कं धरता येतं. कमी आला म्हणून दमा नाही, असं मात्र म्हणता येत नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी, करायची असेल तर फेनो तिच्या आधी करावी, नंतर केली तर आकडा खाली येऊ शकतो.

सडेतोड

निदानाला माझा विरोध नाहीच. दर भेटीला मुलांना फुंकायला लावून औषध वर-खाली करण्याला आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कोक्रेन आढाव्यांत फेनोमुळे अटॅक कमी झालेले दिसले, पण रोजच्या त्रासात म्हणावा असा फरक नव्हता.

वातायन

अटॅक कमी होणं मला पुरेसं आहे; माणूस अटॅकनेच दगावतो. निशिगंधा, पंप घेऊन दाखवायला लावणं आधी, हे मान्य. पण तंत्र बरोबर असलेला माणूसही पंप आठवडाभर कपाटात ठेवतो, ते समोर बसून दिसत नाही. दर भेटीला नको, डोस वाढवायची वेळ आली की एकदा करा. आणि आकडा मुलासमोर वाचायच्या आधी नाकाचं विचारा.