ग्रेडिंग आणि अडॅप्टेशन: नेमका फरक काय? (केस: दोन कप चहा)

ओटी_तिसरं_वर्ष
ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटी) अभ्यासासाठी दोन कप चहा करण्याची ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस (काम पायऱ्यांत मोडून प्रत्येक पायरीला काय लागतं ते बघणं) लिहिते आहे. केस अशी: ५८ वर्षांच्या गृहिणी, स्ट्रोकनंतर डावी बाजू कमजोर. डाव्या हाताची पकड थोडी परतली आहे. बसून तोल छान, पण उभ्याने १० मिनिटांत दमतात. ग्रेडिंगच्या रकान्यात ‘हलकं भांडं’ लिहिलं आणि अडॅप्टेशनच्या रकान्यातही तेच आलं. दोन्हींचा अर्थ ‘सोपं करणं’ असाच असेल, तर शब्द दोन कशाला? आणि बॅकवर्ड चेनिंग (शेवटच्या पायरीपासून शिकवत मागे येणं) इथे चालेल का?

न्यूरो_ओटी
हेतू बघा, वस्तू नको. साखरेचा डबा घ्या. डाव्या हाताने डबा धरायचा, उजव्याने झाकण काढायचं. आज सैल झाकणाचा प्लास्टिकचा डबा, चार दिवसांनी थोडं घट्ट झाकण, मग नेहमीचा स्टीलचा डबा: हे ग्रेडिंग. काम तेच ठेवून मागणी चढवत न्यायची, कारण हात सुधारावा अशी अपेक्षा आहे. उलट डबा अर्धवट ओढलेल्या ड्रॉवरमध्ये अडकवून एकाच हाताने उघडायला शिकवलं, तर ते अडॅप्टेशन. तिथे डाव्या हाताकडून काहीच मागितलेलं नाही. हलकं भांडं पुढच्या आठवड्यात जड होणार असेल तर ते ग्रेडिंग, कायमचं घरात राहणार असेल तर अडॅप्टेशन. बऱ्याच पेशंटमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतात: विभागात ग्रेडिंग, घरी अडॅप्टेशन.

तुमच्या पायऱ्या फार मोठ्या असणार. ‘गॅस पेटवणे’ ही एक पायरी नाही. बटण दाबून फिरवणं आणि दुसऱ्या हाताने लायटर, दोन्ही एकदम लागतं. एका हाताने करायला गेलं की बटण फिरवल्यावर लायटर उचलेपर्यंत गॅस सुटत राहतो. म्हणून ऑटो इग्निशनची शेगडी किंवा इंडक्शन. इंडक्शनला सपाट बुडाचं, चुंबक चिकटेल असं भांडं लागतं. ॲल्युमिनियमचं साधं पातेलं त्यावर तापत नाही.

दुसरी अडचण सांडशीची. भांडं एकाच जागी पकडलेलं असतं, त्यामुळे ओतताना ते सांडशीत फिरतं. दांड्याचं भांडं द्या. भरलेलं भांडं नळापासून उचलून आणण्याऐवजी ते आधीच शेगडीवर ठेवून कपाने पाणी घालायचं. कप आणि गाळणी ओट्यावर ओल्या फडक्यावर ठेवली तर सरकत नाहीत. चहा ओतण्याऐवजी पळीने गाळणीत घातला की भांडं उचलायचंच नाही.

आणि बॅकवर्ड चेनिंग इथे नको! त्यात शेवटची पायरी पेशंट आधी शिकतो, आणि चहाची शेवटची पायरी म्हणजे उकळतं ओतणं. सुरुवातीपासून जोडत या; ओतण्याचा सराव वेगळा, गार पाण्याने घ्या. शर्ट घालायला मात्र बॅकवर्ड चेनिंग उत्तम: बाधित हात आधी बाहीत, शेवटी चांगला हात आणि बटणं. काढताना चांगला हात आधी.

ओटी_तिसरं_वर्ष
लायटरचं लक्षातच आलं नव्हतं. डावीकडे लक्ष जात नसेल (निग्लेक्ट), तर काय बदलेल?

रिहॅब_ओपीडी
तर आधी सुरक्षितता. दोन बर्नरच्या शेगडीचं डावं बटण चालू राहून जातं. ओट्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि ‘लाल दिसेपर्यंत मान वळवा’ ही सवय प्रत्येक पायरीला घ्या. साखर, चहापत्ती सुरुवातीला मध्यभागी, मग हळूहळू डावीकडे सरकवा. हेही ग्रेडिंगच. संवेदना कमी असेल तर डावा हात ज्योतीजवळ नको; चटका बसल्याचं कळत नाही. पदर खोचलेला हवा. कोपर आणि पुढचा हात ओट्यावर टेकवून ठेवला तर खांदाही लोंबत नाही. उभ्याने १० मिनिटं म्हणता, तर उंच स्टूल ठेवा आणि फक्त शेवटची दोन मिनिटं उभं करा. ती दोन मिनिटं वाढवत नेता येतील.

माझ्या मते, या सगळ्याआधी एक गोष्ट राहते: चहा हवा कुणाला? सीओपीएममध्ये (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, ओटीतली मुलाखतीची मोजणी) पेशंट स्वतः कामं सांगतो, महत्त्वाला १ ते १० गुण देतो, त्यातली जास्तीत जास्त पाच निवडून ‘किती जमतं’ आणि ‘किती समाधान’ यालाही १ ते १० देतो. पुन्हा मोजल्यावर २ गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात. या बाईंना महत्त्व देवपूजेला १० आणि चहाला ४ असेल, तर निरांजनाची वात तुपात भिजवणं आणि काडी ओढणं याचं विश्लेषण करा. काडी ओढतानाही पेटी धरायला दुसरा हात लागतोच.