मदत हवी आहे: प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासगटानं राजकीय भूमिका घ्यावी का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये आम्ही काही जण मिळून पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा अभ्यासगट चालवतो. महिन्यातला एक रविवार, एका कॉलेजनं दिलेला सेमिनार हॉल, चहापुरती वर्गणी. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले लोक येतात, पुण्याची नोकरी इथं घरी बसून करणारे येतात, पण जास्त भरणा विद्यार्थ्यांचा. त्यात निफाड, चांदवड, सिन्नरहून एसटीनं येणारी मुलंमुली बरीच. त्यांना पुण्या-बंगळुरूचे मीटअप परवडत नाहीत. हा गट मोडू नये, एवढ्यासाठी विचारतेय.

सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी गोदाकाठच्या तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला आणि सतराशे-अठराशे झाडांचा आकडा पेपरांत आला, तेव्हा शहर किती तापलं होतं ते इथल्या नाशिककरांना सांगायला नको. आमच्या वेबसाइटच्या रेपोत (तिचा कोड ठेवतो तिथं) बदल करायचा अधिकार तिघांकडे आहे. त्यांतल्या एकानं पहिल्या पानावर हिरवी पट्टी टाकली: ‘आमचा गट तपोवनाच्या बाजूनं’. कुणाला विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत स्क्रीनशॉट सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन आला की हॉल अभ्यासासाठी दिलाय, आंदोलनासाठी नाही; पट्टी काढा, नाहीतर दुसरी जागा बघा.

पट्टी काढली. आता निम्मा ग्रुप म्हणतो की कॉलेजपुढं मान तुकवली, आणि उरलेला म्हणतो की मुळात टाकलीच का. झाडं राहावीत असं माझं स्वतःचं ठाम मत आहे आणि मी तपोवनात जाऊन उभीही राहिले होते. पण मी तिथं माझ्या नावानं उभी होते. गटाच्या नावानं बोलायचं तर आधी गटाला विचारायला हवं, इतकं मला स्वच्छ दिसतं. त्यापुढचं दिसत नाही.

कारण दुसरा प्रसंग जास्त अवघड आहे. सेकंड इयरची एक मुलगी, घरची कांद्याची शेती. तिनं लासलगाव बाजार समितीचे रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर गोळा करून त्यांचा आलेख काढला. फार नेटकं काम होतं. सुट्टीचे दिवस, न आलेली आवक, सगळं नीट हाताळलेलं. ८ डिसेंबर २०२३ वर तिनं तांबडी तुटक उभी रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं ‘निर्यातबंदी’. ४ मे २०२४ वर दुसरी रेघ, ‘बंदी उठली’. प्रेझेंटेशन चालू असताना मागून आवाज आला, ‘भाव दाखव ना, त्यात राजकारण कशाला?’ पोरगी गांगरली, तिनं तिथल्या तिथं रेघांच्या कोडच्या दोन ओळी कॉमेंट करून, म्हणजे बंद करून, आलेख पुन्हा चालवला. पडद्यावर भाव डिसेंबरात धाडकन कोसळलेले, आणि का कोसळले याचा मागमूस नाही.

मला हे भयंकर वाटलं. ती तारीख म्हणजे माहिती आहे. रेघ ठेवली तर राजकारण आणि पुसली तर नाही, हे मला पटत नाही. मग ‘गटात राजकारण नको’ असा नियम केला, तर उद्या कोणीही उठून अशी कुठलीही रेघ पुसायला लावील.

तुमच्यापैकी कोणी गट, मीटअप किंवा ओपन सोर्स प्रकल्प चालवत असाल तर सांगा. भूमिका घेता का? ठरवतं कोण? नियम लिहिला असेल तर नेमके शब्द काय आहेत? ‘सोडून द्या हो’ असा सल्ला कृपया नको, तो घरातून भरपूर मिळालाय.

प्रतिसाद:

घाटमाथा

हाच वाद रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या समुदायात जगासमोर होऊन गेलाय. ४ जून २०२० ला रस्टची नवी आवृत्ती १.४४.० आली, तेव्हा घोषणेच्या सुरुवातीलाच प्रकल्प चालवणाऱ्या कोअर टीमनं लिहिलं होतं की तंत्रज्ञान राजकीय असतं आणि राहील, तेव्हा आज वंशभेदाबद्दल जाणून घ्या आणि ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरला पाठिंबा द्या. त्याच सुमाराला गो या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वेबसाइटवरही पट्टी होती. पुढे रस्टची १.५९.० आवृत्ती नेमकी २४ फेब्रुवारी २०२२ ला आली, म्हणजे रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी. त्यातही आम्ही युक्रेनच्या लोकांसोबत आहोत असं लिहिलं होतं.

दोन्ही वेळा खूप भांडणं झाली. मी रस्टवर पोट भरतो, आणि मला त्या मजकुरापेक्षा ‘आम्ही’ कोण हा प्रश्न जास्त छळत राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्टच्या मॉडरेशन टीमनं (चर्चांमधली शिस्त बघणाऱ्यांनी) एकगठ्ठा राजीनामे दिले. कारण या घोषणा नव्हत्या. कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही, ही तक्रार होती. त्यातून बरीच घुसळण होऊन २०२३ मध्ये लीडरशिप कौन्सिल आलं आणि त्यात प्रत्येक मुख्य टीमचा प्रतिनिधी बसू लागला. तुमच्या पट्टीचं दुखणं तेच दिसतंय. आधी ‘आमचा गट’ म्हणजे कोण ते ठरवा, झाडांचं नंतर बघू.

कोरी पाटी

माझं मत वेगळं आहे आणि ते बदलणार नाही. भाषा सगळ्यांची असते. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी या जावास्क्रिप्ट पॅकेजमध्ये (इतरांना वापरता येईल अशा तयार कोडमध्ये) ते सांभाळणाऱ्यानंच असा कोड घातला की मशीनचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) रशियाचा किंवा बेलारूसचा दिसला की फायलींवर हार्टचं चिन्ह लिहून त्या निकामी करायच्या. वेबसाइट बनवायचं व्ह्यू सीएलआय हे साधन त्या पॅकेजवर अवलंबून होतं, म्हणजे ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशांच्या प्रोजेक्टमध्ये ते पॅकेज शिरलं. युद्धाला विरोध मलाही आहे. पण त्या आयपीमागं युद्धाला विरोध करणाराच कोणी बसला असेल तर? पट्टीपासून सुरुवात होते आणि मग हे सुचतं. कांद्याची रेघ मात्र राहू द्या, तो डेटा आहे. झाडांचं ज्याचं त्यानं बोलावं.

बॅकएंडवाली

@कोरी पाटी, पट्टी आणि फायली पुसणं यांना एकाच माळेत ओवू नका. पट्टी वाचून माणूस पुढं जाऊ शकतो, फाइल गेली की गेली. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही, हा नियम भूमिकेच्या आधी येतो. त्यावर इथं कुणाचं दुमत नसावं.

आणि आपण राजकारण नको म्हटलं म्हणून ते बाहेर थांबत नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटनं इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या डेव्हलपरांची खाती आवळली. इराणच्या लोकांना पूर्ण सेवा परत मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकी सरकारकडून परवाना मिळाल्यावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेंटेनरांच्या, म्हणजे देखभाल करणाऱ्यांच्या, यादीतून रशियाशी संबंधित डझनभर नावं अशीच गेली. त्या लोकांनी कुठली भूमिका घेतली होती?

आता धागाकर्तीसाठी, कारण गट पायथॉनचा आहे. पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशननं ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे केलेला १५ लाख डॉलरचा अर्ज मागे घेतला. पैसे पायथॉन आणि पायपीआय या पॅकेजांच्या भांडाराच्या सुरक्षिततेसाठी होते, म्हणजे आपण रोज जिथून पॅकेजं उतरवतो (पिप इन्स्टॉल करतो) त्याच कामासाठी. संस्थेचं वर्षाचं बजेट ५० लाख डॉलरच्या आसपास, तेव्हा रक्कम किती मोठी ते बघा. अट अशी होती की विविधता, समता आणि समावेशन वाढवणारा कोणताही कार्यक्रम चालवायचा नाही. ती त्या एका प्रकल्पापुरती नव्हती, संस्थेच्या सगळ्या कामाला लागू होती. मोडली तर आधी दिलेले, खर्च झालेले पैसेही परत मागता आले असते. बोर्डानं एकमतानं नाही म्हटलं.

मला यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते असं की बोर्डाला त्या दिवशी नवी भूमिका शोधावी लागली नाही. विविध आणि आंतरराष्ट्रीय पायथॉन समुदायाच्या वाढीला मदत करणं, हे संस्थेच्या उद्देशातच लिहिलेलं आहे. त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि ठरवलं. तुमच्या गटाचा उद्देश कुठं लिहिलाय का?

देवळालीकर

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. मी सरकारी नोकरीत शिकवतो. आम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. राजकीय चळवळीत भाग घेणं, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करणं, यावर बंधनं आहेत. तुमच्यासारख्याच एका गटात मी रविवारी जातो, पदरमोड करून. गटानं माझ्या नकळत ‘आम्ही’ म्हणून काही छापलं, तर खुलासा मला द्यावा लागतो. झाडं मलाही हवी आहेत.

मुलांचंही तसंच. प्लेसमेंटच्या तोंडावर पोरगं गटाच्या फोटोत दिसतं. घरच्यांना त्याची किती धास्ती असते हे शिक्षकाला विचारा.

पण म्हणून गटानं कायम मुकं बसावं असं मी म्हणणार नाही. २०१५ ला ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या सेवांना सारखं वागवण्यावर, मतं मागवली, तेव्हा दहा लाखांच्या वर ईमेल गेल्या. माझ्या ओळखीच्या कितीतरी प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या नावानं पाठवल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं डेटासाठी वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. तो विषय थेट आपल्या धंद्याचा होता, आपल्याला त्यातलं कळत होतं, आणि ज्याला सही करायची त्यानं केली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. देवळालीकर सर, वर्तणूक नियमांचं माझ्या डोक्यातच नव्हतं आणि आमच्याकडे दोन प्राध्यापक नेमानं येतात. आता ते डोळ्याआड करता येणार नाही.

उद्देश कुठंही लिहिलेला नव्हता. काल चौघांनी गंगापूर रोडला बसून मसुदा केला, तो टाकतेय. फाडून काढा.

‘नाशिक आणि आसपासच्या कुणालाही, जात, धर्म, लिंग, भाषा, पैसा आड न येता, पायथॉन शिकता-शिकवता यावं यासाठी हा गट आहे. हे ज्यानं अडतं किंवा सोपं होतं, त्या विषयावर गट बोलेल: इंटरनेट बंदी, कॉलेजांतल्या लॅब, मराठीतून शिकण्याचं साहित्य, माहिती खुली असणं. बाकी विषयांवर सभासद स्वतःच्या नावानं हवं ते बोलतील आणि त्यासाठी कुणालाही गटातून काढलं जाणार नाही. गटाच्या नावानं काहीही छापायचं तर सात दिवस आधी मजकूर सर्वांपुढे ठेवावा. बाजूनं दोन तृतीयांश मतं हवीत, आणि ज्यांना त्यात राहायचं नाही त्यांचं तसं म्हणणं मजकुरासोबतच छापावं. सादर केलेल्या कामातली खरी माहिती राजकीय आहे म्हणून कुणीही काढायला लावू शकणार नाही.’

शेवटचं वाक्य त्या मुलीसाठी आहे, हे उघड आहे. तिला सांगितलंय की दोन्ही रेघा परत घाल, शिवाय ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के निर्यात शुल्कही दाखव, नाहीतर आलेख अर्धवट राहतो. @कोरी पाटी, तुम्ही विरोधात असून रेघेच्या बाजूनं उभे राहिलात, त्याचं मोल फार आहे.

या मसुद्यानं पाहिलं तर तपोवनाची पट्टी बसत नाही. ज्यानं ती टाकली तो यावर चिडलाय, आणि त्याचं म्हणणं बिनबुडाचं नाही: गोदाकाठच्या शहरातला गट गोदाकाठावर गप्प कसा? मी त्याला म्हटलं की तुझ्या नावानं पत्र लिही, खाली पहिली सही माझी. तो तयार झालाय.

अडलंय ते ‘ज्यांना राहायचं नाही त्यांचं म्हणणं सोबत छापावं’ इथं. सरकारी नोकराचं नाव ‘मी यात नाही’ म्हणून छापणं हेही त्याला त्रासाचं ठरू शकतं ना? नाव न देता ते कसं लिहावं? आणि रविवारी प्रोजेक्टरसकट चाळीस-पन्नास जण बसतील असा दुसरा हॉल कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा पंचवटीत कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

देवळालीकर

नावं नकोतच. ‘हे मत गटाच्या बहुमताचं आहे, प्रत्येक सभासदाचं नाही’ एवढी ओळ दर वेळी मजकुराच्या वर घाला, खाली नको, स्क्रीनशॉटमध्ये कापली जाते. हॉलचा व्यनि केलाय. भाडं थोडं आहे, पण लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे.