वडिलांना पाढे म्हणता येतात, पण 'पाणी' म्हणता येत नाही: मेंदूतील लहरींचा यात काय वाटा आहे?

पारिजात:
मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकल्यामुळे माझ्या वडिलांची वाचा गेली आहे. पेला समोर असूनही त्यांना 'पाणी' हा शब्द सापडत नाही; मात्र आईने 'बे एके बे' सुरू करून दिले की ते 'बे दाहे वीस'पर्यंत न अडखळता जातात. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत्-लहरींच्या तपासणीच्या, अहवालात 'अल्फा लय ९ हर्ट्झ' (सेकंदाला ९ आवर्तने) असे लिहिले आहे. स्मृती आणि बोलणे या लहरींमध्येच साठवलेले असते का? तसे असेल तर लहरी वाढवून वाचा परत आणता येईल का?

सांजवारा:
प्रौढ माणसात ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय अपेक्षितच असते, त्यामुळे त्या आकड्याची काळजी करू नये. हान्स बर्गर यांनी जर्मनीतील येना येथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. डोळे मिटले की ही लय ठळक होते आणि उघडले की मंदावते, हे त्यांनीच दाखवले. आठवण मात्र लहरीत नसते. ती चेतापेशींमधील जोडण्यांच्या बळकटीत असते. कोणत्या पेशींनी कोणत्या क्षणी एकत्र काम करावे, हे जुळवण्यात लय मदत करते. भजनात टाळ अभंगाचे शब्द सांगत नाही, पण तो चुकला की सगळ्यांचे म्हणणे विस्कटते, तसेच काहीसे हे आहे.

मोगरा:
बोलण्याबाबत थोडी भर घालते. सहज बोलताना आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरे उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याच्या श्रवणकेंद्रातील ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा पट्ट्यातील लहरी त्या चढउतारांशी जुळवून घेतात. पाढे, वारांची नावे किंवा लहानपणापासूनची आरती यांचा क्रम घोटून पक्का झालेला असल्यामुळे प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागत नाही. पेल्याकडे पाहून 'पाणी' म्हणताना तो शोधावाच लागतो. म्हणून पाढे आले, म्हणजे वाचा परत आली असे समजू नये. तरीही सूर आणि ताल यांच्या आधारे छोटी वाक्ये म्हणवून घेण्याची, डाव्या हाताने ठेका धरायला लावणारी एक उपचारपद्धती १९७३ पासून वापरात आहे. तिच्याबद्दल वाचा-उपचारतज्ज्ञांना अवश्य विचारा. लहरी वाढवण्याचा दावा करणाऱ्या ध्वनिफिती मात्र विकत घेऊ नका.

सांजवारा:
झोपही सांभाळा. गाढ झोपेतील संथ लहरी, १२ ते १५ हर्ट्झच्या आसपासचे 'स्लीप स्पिंडल' नावाचे लहरींचे छोटे झोत आणि हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील अतिजलद तरंग एकमेकांशी मेळ साधतात, तेव्हा दिवसभरात शिकलेले पक्के होण्यास मदत होते.

पारिजात:
आपणा दोघांचे मनापासून आभार. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंना काल विचारले. त्यांनी बाबांचा डावा हात हातात घेऊन मांडीवर दोन थाप दिल्या, 'पाऽ-णी' असे सुरात म्हटले आणि त्या थांबल्या. चौथ्या वेळी बाबांनी 'पा' म्हटले आणि पेल्याकडे पाहिले.