सोसायटी ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव : शनिवार, ४ डिसेंबर २०२१

कुलकर्णी बी-१०४: सी विंगमध्ये सोमवारी आफ्रिकेतून कोण येतंय? जिन्यात कळलं म्हणून विचारतो. घरी ८२ वर्षांची आई आहे.

जोशी काकू सी-३०२: माझा धाकटा. जोहान्सबर्गहून. लपवलेलं नाही, गुरुवारीच सेक्रेटरींना सांगितलंय. विमानतळावर टेस्ट, निगेटिव्ह आली तरी ७ दिवस खोलीत, आठव्या दिवशी परत टेस्ट. केंद्राचा नियमच आहे तो.

कुलकर्णी बी-१०४: परदेशातून येणाऱ्यांना १४ दिवस गेट बंद. असा ठराव करावा ही विनंती.

नितीन ए-४०३: काका, आधी गेटसमोरची तुमची गाडी काढा, मग गेट बंद होईल 😄

देसाई (सेक्रेटरी): विषय सोडून बोलू नये.

पाटील काका: बेंगळूरला परवा त्या नव्या कोरोनाचे, ओमिक्रॉनचे, दोन पेशंट सापडले की ओ. आता बेळगावला किती वेळ!

सुनीता ए-२०२: काका, त्या दोघांतला एक बेंगळूरचाच डॉक्टर आहे, परदेशात गेलेलाच नाही. मग गेट कुणाला लावायचं?
मी लॅबमध्ये आहे म्हणून सांगते. आरटीपीसीआरमध्ये विषाणू आहे की नाही तेवढं कळतं. कुठला व्हेरियंट, म्हणजे विषाणूचा कुठला बदललेला प्रकार, ते नक्की करायला जीनोम सिक्वेन्सिंग लागतं, म्हणजे त्याची अख्खी जनुकीय रचना वाचावी लागते. दक्षिण आफ्रिकेनं ते केलं आणि २४ नोव्हेंबरला जगाला सांगितलं. दोन दिवसांत ओमिक्रॉन नाव पडलं आणि त्यांचीच विमानं बंद झाली. सांगितलं त्याचीच शिक्षा!

कुलकर्णी बी-१०४: परत टाकतो. परदेशातून येणाऱ्यांना १४ दिवस गेट बंद.

मंगल वहिनी बी-२०१: महाराष्ट्राच्या सीमेवर कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट मागत होते तेव्हा तुम्हीच सगळ्यात जास्त चिडला होता भावजी. माझं माहेर कोल्हापूर, दोन तासांची वाट, आणि ७२ तासांच्या आतला कागद पाहिजे.

कुलकर्णी बी-१०४: ते वेगळं होतं.

मंगल वहिनी बी-२०१: काय वेगळं?

नितीन ए-४०३: पाणी आज येणार की उद्या?

कुलकर्णी बी-१०४: आईला तिसरा डोस कधी, ते सांगा कुणीतरी. पैसे भरायला तयार आहे.

सुनीता ए-२०२: काळजी कळते काका. खरं आफ्रिकेत शंभरातल्या सात-आठ जणांचेच दोन डोस झालेत. फेब्रुवारीत कोव्हॅक्सची, म्हणजे गरीब देशांना लस पोचवणाऱ्या जागतिक योजनेची, पहिली खेप घानाला गेली, ६ लाख डोस, आपल्या पुण्याच्या सीरमचे. मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. आपली माणसं मरत होती, थांबवली ते चूक म्हणणार नाही मी. खरं त्यांची रांग तिथंच राहिली. विषाणू जितका पसरेल तितका बदलायला वाव, मग तो तिकडे पसरो की इकडे.

पाटील काका: म्हणजे त्यांना मिळाल्याशिवाय आपलीही सुटका नाही म्हण की.

कुलकर्णी बी-१०४: तरी १४ दिवस.

शिंदे सी-१०१: बोलणार नव्हतो. एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह आलो ते मीच इथं टाकलं होतं. आठ दिवस कचरा दारात पडून होता. दूधवाल्याला गेटवरून परत पाठवलं. कुणी पाठवलं ते विचारत नाही. पुढच्या आठवड्यात हिला ताप आला. कुणाला सांगितलं नाही आम्ही. टेस्टही केली नाही.

देसाई (सेक्रेटरी): शिंदे, हे कमिटीला माहीत नव्हतं.

शिंदे सी-१०१: लिफ्ट वापरत होती ती. तुम्ही सगळेही वापरत होता.

मंगल वहिनी बी-२०१: अगं बाई.

नितीन ए-४०३: सॉरी शिंदे काका.

देसाई (सेक्रेटरी): ठराव होणार नाही. सरकारी नियम तोच आपला नियम. कशाला भांडूलाय सगळे.

कुलकर्णी बी-१०४: दूधवाल्याला मीच परत पाठवलं होतं. आईची भीती होती. आजही आहे. काकू, आठव्या दिवशीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकाल?

जोशी काकू सी-३०२: टाकीन. पॉझिटिव्ह आला तरी टाकीन.

शिंदे सी-१०१: काकू, आठ दिवस दूध मी वर आणून ठेवतो. किती?

जोशी काकू सी-३०२: एक लिटर. त्याला चहा फार लागतो.